हातात येणारा पगार आणि हमीचे तास

वाचकाचे पत्र

महोदया,

मी एसटी महामंडळातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो असून सध्या विट्याला राहतो. माझ्या मुलीने गोंदियाजवळ बिरसी येथे प्रशिक्षण घेऊन व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आहे. त्यासाठी घरातली शिल्लक संपली, आणि चार एकर जमीन तारण ठेवून ४५ लाखांचे कर्जही काढावे लागले. व्याज साडेदहा टक्के, मुदत १२ वर्षे आणि हप्ता सुमारे ५५,००० रुपये आहे. आता तिला एका स्वस्त दरातल्या विमान कंपनीकडून ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कनिष्ठ सहवैमानिक, म्हणून नेमणुकीचे पत्र आले आहे. पगार ‘महिना २,०१,०००’ असे तोंडी सांगितले. कागदावर मात्र मूळ वेतन ४०,०००, इतर भत्ते ३५,००० आणि उड्डाण भत्ता ताशी १,८०० रुपये, हमीचे तास ४० असे लिहिले आहे. प्रशिक्षणाच्या काळात फक्त विद्यावेतन मिळेल. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या खास प्रशिक्षणाचा, खर्च कंपनी करणार, पण पाच वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २५ लाख रुपये भरावे लागतील, आणि त्यासाठी सही केलेले दोन कोरे धनादेश त्यांनी मागितले आहेत. पुण्याचा माझा भाचा म्हणतो की, असल्या कंपनीत न जाता मोठ्या कंपनीची वाट पाहावी. आम्ही काय करावे? आणि एक साधा प्रश्न : एसटीत आम्हाला कुटुंबासाठी पास मिळत असे, तसा काही इथे मिळतो का?

— वा. पा., विटा

उत्तर

श्री. वा. पा. यांस, स. न. वि. वि.

आपल्या मुलीने ही नोकरी घ्यावी असे माझे मत आहे. मात्र घरचा हिशोब मांडताना आपण २,०१,००० हा आकडा विसरून जावा आणि धनादेशांच्या बाबतीत जरा ताठ राहावे. मी मुंबईत एका विमान कंपनीच्या वेतन विभागात बरीच वर्षे काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की, वैमानिकाच्या नेमणूकपत्रात सर्वांत महत्त्वाचा आकडा रुपयांचा नसून तासांचा असतो, आणि नेमका तोच बारीक अक्षरात छापलेला असतो.

आपण वाहतूक नियंत्रक होता, त्यामुळे ‘स्टीअरिंग ड्युटी’ आणि ‘स्प्रेड ओव्हर’ यांतला फरक आपल्याला मी समजावून सांगायला नको. चालक पहाटे पाचला डेपोत हजर होतो आणि संध्याकाळी पाचला सुटतो, पण प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास त्याहून कमी भरतात. विमानातही तसेच असते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलले की तास सुरू होतो आणि मुक्कामावर पोहोचून पुन्हा ठोकळे लागले की संपतो. या वेळेला ‘ब्लॉक अवर्स’ म्हणतात आणि उड्डाण भत्ता बहुतेक ठिकाणी याच वेळेचा मिळतो. त्याआधी विमानतळावर हजर राहण्याचा तासभर, दोन फेऱ्यांमधला अर्धा तास, विमान उशिरा आले म्हणून बसून काढलेले दोन तास हे सगळे कामाचे तास असतात, पण भत्त्याचे नसतात. स्वस्त कंपनीच्या धंद्याचे सूत्रच असे आहे की विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबावे. त्यामुळे दिवसाला चार फेऱ्या सर्रास येतात, आणि अकरा तासांच्या ड्युटीत सहा-सात तास भत्त्याचे भरले तर तो दिवस चांगला गेला असे वैमानिक मानतात.

फरक पुढे आहे. गाडी डेपोत नादुरुस्त उभी राहिली म्हणून एसटीच्या चालकाचा मूळ पगार थांबत नाही, आणि तो मूळ पगारच त्याच्या कमाईचा मोठा भाग असतो. आपल्या मुलीच्या पत्रात हे प्रमाण उलटे आहे. ७० तास उडाले तर ७५,००० पक्के आणि १,२६,००० उड्डाणाचे, असे मिळून २,०१,००० होतात. तोंडी सांगितलेला आकडा तो हाच. हमीचे, म्हणजे प्रत्यक्षात कमी उडाले तरी ज्यांचा भत्ता मिळतो ते, ४० तासच मिळाले तर उड्डाणाचे ७२,००० होतात आणि एकूण १,४७,०००. आणि कोणत्याही कारणाने ती उड्डाणाच्या रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, नसेल, तर हातात फक्त ७५,००० राहतात. म्हणजे हे एकाच नोकरीचे तीन पगार झाले, आणि हप्ता मात्र तिन्ही महिन्यांत ५५,०००च आहे.

हे तिन्ही आकडे मी नव्या करपद्धतीने आणि मूळ वेतनावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी धरून काढून पाहिले. वर्षभर ७० तासांचा पगार मिळाला तर कर आणि निधी वजा जाता महिन्याला सुमारे १,७१,५०० रुपये हातात येतात. वर्षभर ४० तासांचाच मिळाला तर सुमारे १,३०,००० येतात. त्यातून हप्ता गेला की ७५,००० उरतात, आणि दिल्लीत, बेंगळुरूत किंवा मुंबईत खोलीचे भाडे, जेवण आणि प्रवास यांत ते बेताचे का होईना, पण पुरतात. तिसऱ्या स्थितीत कर जवळजवळ लागत नाही, पण निधी आणि हप्ता गेल्यावर उरतात साधारण १५,०००, आणि त्यात मुंबईत राहता येत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, कर्जाची परतफेड १,३०,००० या आकड्यावर बसवावी आणि त्यावर जे येईल ते पहिली दोन वर्षे आलेच नाही असे समजून वेगळे ठेवावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि आपल्या कर्जावर पहिल्या वर्षी साडेचार लाखांच्या पुढे व्याज भरावे लागणार आहे. तेव्हा दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा. मात्र जमीन तारण ठेवून काढलेले कर्ज बँकेच्या कागदांत ‘शैक्षणिक’ म्हणून नोंदलेले आहे का, हे आधी पाहून घ्यावे, कारण ते तसे नोंदलेले नसेल तर ही वजावट मागताना अडचण येईल.

तास कमी का पडतील, असे आपण विचाराल. कारणे बरीच आहेत आणि त्यांतले एकही वैमानिकाच्या हातात नसते. गो फर्स्ट या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये उड्डाणे बंद केली, तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने वेळेवर न मिळाल्यामुळे आपली निम्मी विमाने उभी आहेत असे कारण तिने दिले होते. त्याच इंजिनांच्या तपासणीमुळे पुढे इंडिगोचीही बरीच विमाने जमिनीवर राहिली. बोइंगकडून विमाने मिळायला उशीर झाला, तेव्हा अकासा या विमान कंपनीमध्ये भरती झालेले कित्येक वैमानिक उड्डाणाची वाट पाहत बसून होते. करोनाच्या काळात तर चालू असलेल्या कंपन्यांनीही पगार कापले आणि बिनपगारी रजा दिल्या.

याखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते चांगल्या हेतूचे आहे. वैमानिकांच्या थकव्याबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम केले. ते १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर लोक बॅगांवर डोके ठेवून झोपले, हे आपण दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. या नियमांप्रमाणे रोस्टर बसवायला वैमानिक पुरले नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होते. पुढे त्या कंपनीला काही नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली. हे नियम हवेच होते. रात्री दोनला उतरून पहाटे पुन्हा उड्डाण करणाऱ्या माणसाच्या हाती दोनशे जीव असतात. पण ज्याचा पगार तासावर बांधला आहे त्याची विश्रांती वाढली की भत्ता घटतो, ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. विश्रांती नियमाने मिळते, पण तिचा पगार नियमाने मिळत नाही. तो करारातल्या हमीच्या तासांतूनच मिळवावा लागतो.

म्हणून ‘हमीचे तास ४०’ या ओळीवर थांबून मुलीने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलने काही प्रश्न विचारावेत. तोंडी विचारू नयेत, कारण तोंडी उत्तर देणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. ही हमी दर महिन्याची आहे की वर्षाच्या सरासरीची? ती वर्षाच्या सरासरीची असेल तर पावसाळ्यात मिळालेले २० तास दिवाळीतल्या ६० तासांनी भरून निघाले असे कंपनी म्हणू शकते, आणि बँक हप्ता मागताना सरासरी पाहत नाही. दहा दिवस रजा घेतली तर हमी त्या प्रमाणात कमी होते का? घरी स्टँडबाय बसवले आणि बोलावले नाही तर त्याचे काही तास धरतात का? दुसऱ्या शहरातून विमान आणायचे म्हणून तिला प्रवासी आसनावर बसवून नेले, ज्याला वैमानिक ‘डेडहेड’ म्हणतात, तर त्याचा पूर्ण, अर्धा की शून्य भत्ता? सिम्युलेटरच्या, म्हणजे विमानाची नक्कल करणाऱ्या यंत्रावरच्या सरावाच्या, दिवसांचे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विमान उपलब्ध नसल्यामुळे ती बसून राहिली तर हमी चालू राहते ना?

या शेवटच्या प्रश्नावरून एक प्रसंग आठवतो. आमच्याकडे एक तरुण सहवैमानिक दुचाकीवरून पडला आणि त्याचा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी त्याला तीन महिने उड्डाणास तात्पुरते अपात्र ठरवले. पहिला महिना त्याच्या आजारपणाच्या रजेत गेला. दुसऱ्या महिन्याचा पगार पाहून तो आमच्या टेबलापाशी आला आणि काही चूक झाली आहे, असे नम्रपणे म्हणाला. चूक काहीच नव्हती. हमीचे तास ‘उड्डाणास पात्र व उपलब्ध असलेल्या’ वैमानिकासाठी आहेत असे त्याच्या करारात लिहिले होते, आणि ते त्याने सही करण्यापूर्वी वाचले नव्हते. त्याने त्या नोकरीच्या भरवशावर नुकतीच गाडी घेतली होती.

प्रशिक्षणाच्या काळाबद्दल थोडक्यात लिहिते. नेमणुकीच्या तारखेपासून प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून पूर्णपणे मोकळीक मिळेपर्यंत, ज्याला ‘लाइन रिलीज’ म्हणतात, कित्येक महिने जातात. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली उड्डाणे, असा तो क्रम असतो. सिम्युलेटर मिळायला उशीर झाला तर हा काळ लांबतो आणि विद्यावेतनच चालू राहते. आपण बँकेत आताच जाऊन नेमणूकपत्र दाखवावे आणि हप्त्याची सुरुवात लाइन रिलीजनंतर करण्याची लेखी विनंती करावी. मधल्या काळात फक्त व्याज भरण्याची सोय बँका देतात, आणि ते व्याज महिन्याला सुमारे ३९,००० होईल. विनंती हप्ता थकण्यापूर्वी केली तर व्यवस्थापक ऐकतो. थकल्यावर केली तर तोच व्यवस्थापक दुसरीच फाईल काढतो.

आता बाँड, म्हणजे पाच वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २५ लाख भरण्याची ती अट. ‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ असे आपल्याला पुष्कळ जण सांगतील, आणि बहुधा भाचाही सांगेल. त्यावर विसंबू नये. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षे नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नोकरीत ठरावीक काळ राहण्याची अट म्हणजे व्यवसायाला मनाई नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाई देते. टाइप रेटिंगवर कंपनीचा खरा खर्च किती झाला हा प्रश्न तिथे येतो. म्हणून मुलीने दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, २५ लाख हा आकडा कशाचा आहे, त्याचा तपशील. दुसरी, ही रक्कम दरवर्षी पाचव्या हिश्श्याने कमी होईल अशी ओळ. चार वर्षे अकरा महिने काम करून सोडणाऱ्यालाही पूर्ण २५ लाख मागणे कोणालाच शोभत नाही, आणि ही मागणी बऱ्याच कंपन्या मान्य करतात.

कोरे धनादेश मात्र देऊ नयेत, या मुद्द्यावर मी ठाम आहे. बाँडची रक्कम वसूल करायची तर कंपनीला दिवाणी दावा लावून आपले नुकसान सिद्ध करावे लागते. सही केलेला धनादेश तिच्या कपाटात असेल तर ती त्यावर हवी ती रक्कम आणि तारीख घालून तो बँकेत टाकू शकते, आणि तो वटला नाही की पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीवर थेट फौजदारी तक्रार उभी राहते. देणे लागतच नव्हते, हे सिद्ध करण्याचा बोजा मग तिच्यावर येतो. कंपनीने फारच आग्रह धरला तर धनादेशावर रक्कम घालून, ‘प्रशिक्षण कराराच्या अमुक कलमापोटी तारण’ असे लिहिलेले पत्र सोबत द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि दोन्हींची छायाप्रत घरी ठेवावी.

बाँडशिवाय सूचनेचा काळ ही वेगळी बेडी आहे. ती कंपनीची नसून डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाची आहे. सहवैमानिकाला राजीनाम्यानंतर सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष काम करावे लागते. कंपनीने ना-हरकत दिली तरच हा काळ कमी होतो. २०२३ मध्ये अकासाचे ४३ वैमानिक हा काळ पूर्ण न करता गेले, असे म्हणून ती कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. त्यामुळे दुसरीकडून चांगली संधी आली तरी ‘पुढच्या महिन्यात येते’ असे आपल्या मुलीला कोणालाही सांगता येणार नाही, आणि तसे सांगणाऱ्या सहकाऱ्यांचे ऐकून तिने उडी मारू नये.

लाभांमध्ये माझ्या मते सर्वांत वरचा आहे तो परवाना गमावल्यास मिळणारा विमा. डॉक्टर किंवा अभियंता आजारी पडून बरा झाला की कामावर येतो. वैमानिकाला दर वर्षी वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते, आणि कानाचा, हृदयाचा किंवा साखरेचा एखादा विकार, जो इतरांच्या नोकरीला धक्काही लावत नाही, तो तिची कमाई कायमची थांबवू शकतो. मग हातात राहते ४५ लाखांचे कर्ज आणि बारावीनंतरचे, दुसरीकडे फारसे न चालणारे शिक्षण. म्हणून कंपनीने सामूहिक विमा काढला आहे का, त्याची रक्कम किती, तात्पुरत्या अपात्रतेतही काही मिळते का आणि मानसिक आजार वगळले आहेत का, हे विचारावे. विम्याची रक्कम कर्जापेक्षा कमी असेल तर फरकाइतका विमा तिने स्वतः काढावा, आणि तो नोकरी बदलली तरी टिकणारा असावा. याच्या जोडीला कर्जाइतका साधा मुदतीचा आयुर्विमाही हवा, कारण तारण जमीन आपली आहे.

भविष्यनिर्वाह निधीत एक बारकावा आहे. कायद्याने कंपनीला १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच वर्गणी भरून मोकळे होता येते, म्हणजे महिना १,८००. काही नेमणूकपत्रांत तसा पर्याय ठेवलेला असतो आणि तरुण मुले हातात जास्त येते म्हणून तो घेतात. आपल्या मुलीने पूर्ण मूळ वेतनावर, म्हणजे ४,८०० ची वर्गणी घ्यावी. ती केवळ बचतीसाठी नाही. विमान कंपन्या बुडतात. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये, आणि तिन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. एसटीचा पगार उशिरा झाला असेल, पण महामंडळ एका रात्रीत नाहीसे झाले नाही. दिवाळखोरी कायद्यात कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराला रांगेत जागा मिळते आणि ती रांग लांब असते. पण भविष्यनिर्वाह निधीत जमा झालेली रक्कम अवसायनाच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढताना विकायच्या, मालमत्तेत धरली जात नाही. ती तिचीच राहते. फक्त कंपनी दर महिन्याला खरोखर भरते आहे ना, हे तिने पासबुकात पाहत राहावे. निधी भरायला उशीर होऊ लागला की पगारालाही लवकरच होतो, असे मी जवळून पाहिले आहे.

मुलगी आहे म्हणून मातृत्व रजेबद्दलही लिहिते, जरी आज तो विषय घरात कोणी काढला नसेल. कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण वैमानिकेला गरोदरपणात रजेच्या आधीच बराच काळ उड्डाणापासून दूर राहावे लागते, आणि त्या महिन्यांत जमिनीवरचे काम देतात का व त्याचा पगार ७५,००० की १,४७,०००, हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे याचा आपल्याला अभिमान आहे. तेव्हा हा प्रश्न विचारायला संकोच नको.

मुक्कामी ड्युटीचा भत्ता, हॉटेल, घरापासून विमानतळापर्यंत कंपनीची गाडी आणि आरोग्य विमा या गोष्टी बहुतेक कंपन्यांत असतात आणि त्यांत फार फरक नसतो. आरोग्य विम्यात आई-वडील येतात का, एवढे मात्र पाहावे.

आता आपल्या भाच्याचा मुद्दा. वैमानिकांची टंचाई आहे हे तो वर्तमानपत्रात वाचतो आणि ते खरे आहे, पण टंचाई कॅप्टनांची आहे. नवे परवानाधारक पुष्कळ आहेत. एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. दोनशे तासांच्या परवान्यावर मोठ्या कंपनीची वाट पाहत बसलेल्या मुलामुलींचे तास वाढत नाहीत, हात मात्र विसरतो, आणि व्याज चढत राहते. याउलट स्वस्त कंपनीत फेऱ्या जास्त असल्यामुळे उतरण्या-चढण्याचा सराव भरपूर होतो. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या परवान्याला १,५०० तास लागतात. महिन्याला ५० तास धरले तरी तिचे सध्याचे दोनशे मिळवून हा आकडा सव्वादोन वर्षांत गाठता येतो, आणि पुढे कंपनीची गरज असेल तसे कॅप्टनपद मिळते. तिथे पगाराची पायरी किती उंच आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते : स्पाइसजेटने मे २०२३ मध्ये कॅप्टनांसाठी ७५ तासांना महिना साडेसात लाख जाहीर केले होते. जाहीर झालेला पगार आणि वेळेवर मिळालेला पगार यांत अंतर असू शकते, हे मी वर लिहिलेच आहे. तरीही सहवैमानिकाची पहिली काही वर्षे ही कमाईची कमी आणि तास गोळा करण्याची जास्त असतात, हे भाच्याला सांगावे.

हा करार छापील असतो आणि नव्या सहवैमानिकासाठी कंपनी त्यातली कलमे सहसा बदलत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हमीचे तास ४० चे ५० होणार नाहीत. पण ईमेलला आलेले लेखी उत्तर पुढे कामाला येते. आपण नियंत्रक असताना चालकाशी वाद झाला की आधी नोंदवही उघडत होता. तसेच हे आहे. पहिल्या वर्षात ४० तासांच्या वर जे मिळेल त्यातून सहा हप्त्यांइतकी, म्हणजे ३,३०,००० ची ठेव करावी आणि ती कंपनीचे पगार खाते ज्या बँकेत असेल तिच्याऐवजी दुसऱ्या बँकेत ठेवावी. त्यानंतरच कर्जाची जादा परतफेड सुरू करावी.

राहिला पासचा प्रश्न. कर्मचाऱ्यांच्या आई-वडिलांना सवलतीचे तिकीट बहुतेक कंपन्या देतात, वर्षातून ठरावीक वेळा. पण ते एसटीच्या पासासारखे नसते. तिकिटाचे मूळ भाडे माफ किंवा अगदी कमी असते, कर आणि विमानतळाचे शुल्क भरावे लागते, आणि आसन मिळते ते पैसे देणारे सगळे प्रवासी चढून जागा उरली तरच. दिवाळीत किंवा मेच्या सुट्टीत स्वस्त कंपनीच्या विमानात जागा उरत नाही. तेव्हा मुलीच्या विमानात बसण्याची हौस आपण आणि वहिनींनी जूनच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये, मंगळवारी किंवा बुधवारी पुरी करावी, आणि परत येण्याची तारीख अगदी पक्की असेल तर परतीचे तिकीट सरळ विकत काढावे.